फार्मास्युटिक्सच्या प्रात्यक्षिकात अडकलात? तयारी कशी करायची आणि निकालावर दाद कुठे मागायची

विचारणा अशी आहे: डी. फार्म. (फार्मसी पदविका) प्रथम वर्ष, फार्मास्युटिक्समध्ये, म्हणजे औषधं बनवण्याच्या विषयात, लेखीत ३७ आणि प्रात्यक्षिकात ३६ गुण. इमल्शन (तेल आणि पाणी एकजीव केलेलं मिश्रण) फुटलं आणि सिरपचं गणित चुकलं, एवढं कळलं. आता पुन्हा बसायचं आहे, पण त्याआधी निकालावर दाद मागता येते का? आणि या वेळी तयारी नेमकी कशी करायची?

दाद मागण्याचं उत्तर आधी थोडक्यात देतो, कारण त्याला मुदत असते; तपशील शेवटी. लेखीची उत्तरपत्रिका पाहता येते आणि पुन्हा तपासून घेता येते. प्रात्यक्षिकाचं तसं नाही. तुम्ही केलेलं इमल्शन संध्याकाळी बेसिनमध्ये गेलेलं असतं. पुन्हा तपासायला ते कुणाकडेच नसतं. मागे उरतं ते तुम्ही लिहिलेलं: सिनॉप्सिस (प्रयोगाआधी लिहायचा आराखडा), गणित, कृती, लेबल. म्हणून मी प्रात्यक्षिकाची तयारी लिखाणापासून सुरू करायला सांगतो. बहुतेक मुलं मॉर्टर-पेसलपासून (खल-बत्त्यापासून) सुरू करतात आणि तिथेच गुण घालवतात.

गुणांची मांडणी डोक्यात पक्की हवी. फार्मसी कौन्सिलच्या शिक्षण विनियमांनुसार (ईआर २०२०) प्रात्यक्षिक परीक्षा ८० गुणांची, तीन तासांची; वर २० गुण सेशनलचे, म्हणजे वर्षभरातल्या अंतर्गत परीक्षांचे. त्या ८० मध्ये सिनॉप्सिस १०, प्रयोग ५०, व्हायवा (तोंडी परीक्षा) १०, जर्नल (प्रयोगवही) १०. सेशनल धरून १०० पैकी ४० लागतात, लेखीत वेगळे आणि प्रात्यक्षिकात वेगळे. म्हणजे तीस गुण असे आहेत की ते मिळवायला हात सफाईदार असण्याची गरज नाही. पूर्ण आणि सही झालेलं जर्नल, नीट सिनॉप्सिस आणि व्हायवाला ठाम उत्तरं, एवढ्यावर अर्धी वाट पार होते. ज्याचे ३६ येतात त्याचं इमल्शन फुटलेलं असतंच, पण बहुधा जर्नलही अर्धवट असतं.

सिनॉप्सिसला पहिली वीस मिनिटं द्या, घाई करू नका. त्यात हवं ते असं: औषधाचं नाव, अधिकृत सूत्र, तुम्हाला दिलेल्या मापासाठी काढलेली प्रमाणं, प्रत्येक घटक कशासाठी आहे, कृती, साठवण आणि लेबल. सूत्र आणि मोजलेलं माप शेजारी शेजारी दोन रकान्यांत लिहा आणि मध्ये गुणक दाखवा. परीक्षक आधी तो गुणक बघतो. गुणक बरोबर आणि शेवटचा आकडा चुकला, तर काही गुण राहतात. नुसता चुकलेला आकडा असेल तर काहीच राहत नाही.

आता प्रयोग. तुमची दोन दुखणी सांगितली आहेत, त्यापासूनच सुरुवात करू.

इमल्शन फुटतं ते बहुतेक वेळा प्रायमरी इमल्शन, म्हणजे पहिलं घट्ट मिश्रण, बनतानाच. ड्राय गम पद्धतीत (कोरडा गोंद आधी तेलात घोटायचा) तेल, पाणी आणि गोंद यांचं प्रमाण तेलाच्या जातीवर ठरतं. एरंडेल किंवा कॉड लिव्हर ऑइलसारख्या स्थिर तेलाला ४:२:१, लिक्विड पॅराफिनसारख्या खनिज तेलाला ३:२:१, टर्पेंटाईनसारख्या उडनशील तेलाला २:२:१. क्रम तेल, पाणी, गोंद असाच म्हणून पाठ करा. पाणी आणि गोंद यांची अदलाबदल ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. ९० मि.ली. इमल्शनमध्ये ३० मि.ली. कॉड लिव्हर ऑइल असेल तर गोंद ७.५ ग्रॅम आणि प्रायमरीचं पाणी १५ मि.ली. तेवढंच तेल लिक्विड पॅराफिन असतं, तर गोंद १० ग्रॅम आणि पाणी २० मि.ली.

कृतीत तीन जागा नाजूक आहेत. मॉर्टर पूर्ण कोरडा हवा, आणि तेल मोजायचा सिलिंडरही कोरडा हवा. थेंबभर पाणी असलं तरी गोंदाच्या गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. दुसरं, तेल आणि गोंद हलक्या हाताने एकजीव करायचे, फार वेळ घोटत बसायचं नाही. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: प्रायमरीचं पाणी आधी मोजून हाताशी ठेवायचं आणि एकदम ओतायचं. ओतल्याबरोबर एकाच दिशेने जोरात घोटायचं, मिश्रण पांढरं घट्ट होऊन पेसल उचलताना चटचट आवाज येईपर्यंत. मुलं भीतीने पाणी थेंब थेंब घालतात. तेव्हा तेल बाहेर आणि पाणी आत अशी उलटी बैठक बसते, मिश्रण पिवळट आणि तेलकट दिसतं, आणि मग कितीही घोटलं तरी ते सुधारत नाही. चटचट आवाज आल्यावरही दोन-तीन मिनिटं घोटा, मगच बाकीचं पाणी थोडं थोडं घालत पातळ करा. मॉर्टर सपाट तळाचा आणि पेसल रुंद डोक्याचा मागून घ्या. खोलगट मॉर्टरमध्ये घोटण्याचा जोर नीट बसत नाही.

फुटलंच तर? ओतून देऊन गप्प बसू नका. स्वच्छ मॉर्टरमध्ये ताजा गोंद घ्या, थोड्या पाण्यात त्याचा म्युसिलेज (चिकट द्रव) करा आणि फुटलेलं मिश्रण त्यात थोडं थोडं घालत घोटा. बऱ्याचदा सावरतं. गोंद किती वाढवला ते कागदावर लिहा आणि परीक्षकांना सांगा. सुधारणा का केली हे सांगता येणारा विद्यार्थी आणि फुटलेलं इमल्शन हलवून बाटलीत भरणारा विद्यार्थी, यांच्या गुणांत फरक पडतोच. तयार झालेल्याची एक थेंब-चाचणीही करून दाखवा. इमल्शनचा थेंब पाण्यात सहज पसरला तर बाहेरचा घटक पाणी. रंगाची चाचणी केलीत तर अमरंथ पाण्यात विरघळतो आणि सुदान तीन तेलात, हे लक्षात ठेवा.

सिरपचं गणित चुकण्याचं कारण एकच असतं: वजनाचं सूत्र आकारमानाने करणं. भारतीय फार्माकोपियाचा (अधिकृत औषधग्रंथाचा) सिंपल सिरप म्हणजे ६६.७ टक्के वजनास वजन. १०० ग्रॅम सिरपसाठी साखर ६६.७ ग्रॅम आणि पाणी घालून एकूण वजन १०० ग्रॅम. हा सिरप मोजला तर साधारण ७६ मि.ली. भरतो. तुम्ही सिलिंडरमध्ये १०० मि.ली. पर्यंत पाणी भरलंत, तर सिरप पातळ झाला, आणि पातळ सिरपमध्ये बुरशी वाढते. घट्ट साखरच त्याचं जतन करते. म्हणून रिकाम्या बीकरचं वजन आधी घ्या आणि कागदावर टिपा. साखर विरघळवताना आच मंद ठेवा, उकळत ठेवू नका, नाहीतर साखरेचं विघटन होऊन रंग पिवळा पडतो. थंड झाल्यावर उडालेलं पाणी वजनाने भरून काढा. हा शेवटचा टप्पा विसरणारे खूप आहेत.

बाकीच्या प्रयोगांत कुठे काय बिघडतं ते आता.

कॅलामाईन लोशन, १०० मि.ली. साठी: कॅलामाईन १५ ग्रॅम, झिंक ऑक्साईड ५ ग्रॅम, बेंटोनाईट ३ ग्रॅम, सोडियम सायट्रेट ०.५ ग्रॅम, लिक्विफाईड फिनॉल ०.५ मि.ली., ग्लिसरीन ५ मि.ली., गुलाबपाणी १०० पर्यंत. बेंटोनाईटवर थेट पाणी ओतलं की चिकट गोळे होतात. तो कॅलामाईन आणि झिंक ऑक्साईडबरोबर कोरडाच घोटून घ्या. सोडियम सायट्रेट सुमारे ७० मि.ली. गुलाबपाण्यात विरघळवून ते पाणी हळूहळू घाला, आधी लापशीसारखं घट्ट करा, मग सैल करा. फिनॉल आणि ग्लिसरीन नंतर. मॉर्टर दोनदा धुऊन ते पाणी सिलिंडरमध्येच घाला, १०० मि.ली. चं माप बीकरवर नाही, सिलिंडरमध्ये पूर्ण करा. व्हायवात सायट्रेट कशाला, हे हमखास विचारतात. कण एकमेकांना चिकटून मोठे पुंजके होऊ नयेत, लोशन ओतता येईल इतकं सैल राहावं, यासाठी.

ॲक्वस आयोडीन सोल्युशनमध्ये आयोडीन ५ टक्के आणि पोटॅशियम आयोडाईड १० टक्के. आधी आयोडाईड अगदी थोड्या पाण्यात, मग त्यातच आयोडीन, आणि पूर्ण विरघळल्यावरच पुढचं पाणी. सुरुवातीलाच सगळं पाणी घातलं तर आयोडीनचे खडे तळाशी तासभर पडून राहतात, कारण पाण्यात विरघळणारं ट्राय-आयोडाईड तयार व्हायला घट्ट आयोडाईड लागतं. धातूचा स्पॅच्युला वापरू नका.

सिंपल ऑइंटमेंट: वूल फॅट, हार्ड पॅराफिन आणि सिटोस्टिअरिल अल्कोहोल प्रत्येकी ५ भाग, सॉफ्ट पॅराफिन ८५ भाग. २० ग्रॅमला १, १, १ आणि १७ ग्रॅम. सर्वांत जास्त तापमानाला वितळणारा घटक आधी, मग उतरत्या क्रमाने. वितळल्यावर गार होईपर्यंत सावकाश ढवळत राहायचं. ढवळणं मध्येच थांबवलं तर हार्ड पॅराफिनचे दाणे वेगळे होतात, आणि फार जोरात ढवळलं तर हवा शिरते. सल्फर ऑइंटमेंटमध्ये गंधक १० टक्के. ते चाळून घ्या, थोड्या बेसबरोबर स्लॅबवर रगडून गुळगुळीत करा, मग उरलेला बेस. बोटांना खरखर लागली तर गुण जातात. मलम भांड्याला आणि स्लॅबला चिकटतं, म्हणून २० ग्रॅम द्यायचं तर २२ ग्रॅमचं गणित करा आणि तसं लिहा. सेट्रिमाईड क्रीममध्ये तेलाचा आणि पाण्याचा भाग दोन्ही सारख्याच तापमानाला आणून एकत्र करायचे. थंड पाणी ओतलं की मेण तिथल्या तिथे गोठून क्रीम रवाळ होतं.

एफरव्हेसंट ग्रॅन्युल्सचं गणित व्हायवात आवडीने विचारलं जातं, आणि ते पाठ करण्यापेक्षा समजून घ्यायला सोपं आहे. सायट्रिक ॲसिडच्या एका रेणूला बायकार्बोनेटचे तीन रेणू लागतात, म्हणजे २१० ला २५२. टार्टारिकच्या एका रेणूला दोन, म्हणजे १५० ला १६८. सायट्रिक १ ग्रॅमला १.२ आणि टार्टारिक २ ग्रॅमला २.२४, मिळून ३.४४. पुस्तकातलं १:२:३.४ हे प्रमाण इथून येतं. दोन्ही आम्लं का, तर नुसत्या सायट्रिकचा लगदा चिकट होतो आणि नुसत्या टार्टारिकचे दाणे टिकत नाहीत. पाणी वेगळं घालायचं नसतं. सायट्रिकच्या स्फटिकातलं पाणीच तापल्यावर सुटतं आणि लगदा बांधतं. त्या क्षणी पटकन चाळणीतून काढलं नाही तर बशीतच सगळं फसफसून जातं.

मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड मिक्स्चरमध्ये अवक्षेप धुणं म्हणजेच प्रयोग. बेरियम क्लोराईडने सल्फेटची खूण जवळजवळ नाहीशी होईपर्यंत धुवा आणि ती चाचणी केल्याचं लिहा.

साध्या डिस्पेन्सिंग तराजूवर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी वजन करू नका. ३० मिलिग्रॅम हवे असतील तर १०० मिलिग्रॅम औषध आणि ९०० मिलिग्रॅम लॅक्टोज भागाभागाने दुप्पट करत मिसळा आणि त्यातले ३०० मिलिग्रॅम घ्या. गणित लिहून ठेवा.

आकडेमोडीसाठी दोन प्रकार रोज एक-एक सोडवा. ९५ टक्के आणि ४५ टक्के अल्कोहोलपासून ६५ टक्क्यांचं ५०० मि.ली.: ६५ वजा ४५ म्हणजे २० भाग घट्ट, ९५ वजा ६५ म्हणजे ३० भाग पातळ, २०० आणि ३०० मि.ली. उलट तपासा: १९० अधिक १३५ म्हणजे ३२५, आणि ५०० चे ६५ टक्के ३२५च. अल्कोहोल पाण्याने पातळ करत असाल, तर पाण्याचा आकडा मोजून ओतू नका. मिसळताना आकारमान आक्रसतं, म्हणून पाणी घालून एकूण माप पूर्ण करायचं. दुसरा प्रकार आयसोटॉनिक, म्हणजे शरीरातल्या द्रवाशी जुळणाऱ्या, द्रावणाचा: १ टक्का प्रोकेन हायड्रोक्लोराईडचा गोठणबिंदू ०.१२२ अंशाने उतरतो, १ टक्का मिठाचा ०.५७६ अंशाने, लागणारा उतार ०.५२. म्हणून ०.५२ वजा ०.१२२, भागिले ०.५७६, म्हणजे १०० मि.ली. मध्ये ०.६९ ग्रॅम मीठ.

लेबलला शेवटची पाच मिनिटं राहतात आणि तिथे घाई होते. सिनॉप्सिस लिहितानाच लेबल करून ठेवा. सस्पेन्शन, इमल्शन, लोशनवर 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा'. बाहेरून लावायच्या औषधावर 'फक्त बाह्य वापरासाठी', लाल अक्षरांत. लिनिमेंटवर (चोळून लावायच्या औषधावर) 'जखमेवर किंवा फाटलेल्या त्वचेवर लावू नये'. फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ प्रिस्क्रिप्शनवरचं औषध बनवण्याचं आणि देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडेच सोपवतं. बाटली रुग्णाच्या हातात गेली की तुमच्या वतीने बोलणारं लेबलच असतं. परीक्षक त्याला गुण देतात ते म्हणूनच.

लेखीबद्दल थोडक्यात. सात दीर्घोत्तरी प्रश्नांतले सहा, प्रत्येकी ५. अकरा लघुत्तरींतले दहा, प्रत्येकी ३. वस्तुनिष्ठ २० गुण. वस्तुनिष्ठ आधी उरका. प्रत्येक उत्तर नव्या ओळीवर, प्रश्नक्रमांक समासात ठळक. पुढे छायाप्रत हातात येईल तेव्हा कोणत्या उत्तराला गुण दिलेलेच नाहीत, हे शोधायला याचाच उपयोग होतो.

आता दाद. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा निकाल लागला की गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांचं परिपत्रक निघतं. मुदत दिवसांत मोजली जाते आणि शुल्क त्यातच दिलेलं असतं. ते निकालाच्या दिवशीच वाचा आणि अर्ज संस्थेमार्फत कसा जातो ते कार्यालयात विचारा. तीन गोष्टी वेगळ्या आहेत. पडताळणीत बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. छायाप्रत म्हणजे तुम्ही स्वतः बघणं. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक पुन्हा तपासतो. पैसे मोजकेच असतील तर आधी छायाप्रत घ्या.

छायाप्रत आली की एका कागदावर प्रश्ननिहाय तक्ता करा: मिळालेले गुण, अपेक्षित गुण आणि कारण. आधी बेरीज तपासा, मग प्रत्येक पानाच्या मागच्या बाजूचं उत्तर तपासलं आहे का ते बघा. त्यानंतर विषयाच्या शिक्षकांसमोर बसा आणि त्यांना स्पष्ट विचारा की अजून किती गुण वाढू शकतात. लेखीत तुम्हाला ३ गुण कमी आहेत. न तपासलेलं एक लघुत्तर सापडलं तर काम झालं. 'मी चांगलं लिहिलं होतं' या भावनेवर मात्र पैसे घालू नका.

छायाप्रत वेळेत मागायची राहून गेली असेल तर माहितीच्या अधिकाराचा मार्ग आहे. २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत, १० रुपये शुल्क. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. पण उत्तरपत्रिका मिळाली म्हणजे ती पुन्हा तपासून मिळेलच असं नाही. नियमांत तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही, हे १९८४ मध्ये महाराष्ट्राच्याच माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाच्या प्रकरणात ठरलेलं आहे. म्हणून मंडळाची मुदत चुकवणं महाग पडतं.

प्रात्यक्षिकाच्या बाबतीत दाद मागता येते ती नोंदीच्या चुकीवर: हजर असून गैरहजर दाखवलं, दुसऱ्या सीट नंबरचे गुण लागले, सेशनलचे गुण भरायचे राहिले. अशा वेळी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, हजेरीपटाचा दिवस आणि बॅच लिहा, पोच घ्या. परीक्षकाने कमी गुण दिले, ही तक्रार तिथे टिकत नाही. परीक्षेच्या वेळीच काही अडचण आली, तराजू बिघडला किंवा रसायन चुकीचं मिळालं, तर त्याच क्षणी परीक्षकांना सांगा आणि तुमच्या कागदावर वेळेसह नोंद करा. गुण वाढवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला एक पैसाही देऊ नका. तुमचा निकाल आणि पुढची नोंदणी दोन्ही धोक्यात येतात.

सेशनलचे गुण कमी असतील तर तेही सुधारता येतात. पुढच्या शैक्षणिक वर्षात दोन जादा सेशनल परीक्षा देऊन त्यांची सरासरी लेखीसाठी धरली जाते, आणि प्रात्यक्षिकासाठी जादा प्रात्यक्षिक परीक्षा देता येते. रोजच्या कामाचे गुण मात्र पुन्हा नियमित हजर राहिल्याशिवाय बदलत नाहीत. २० पैकी ८ चे १४ झाले तर मुख्य परीक्षेतलं ओझं सहा गुणांनी हलकं होतं, म्हणून हा अर्ज सोडू नका.

पुढे एक्झिट परीक्षाही आहे, हे आत्ताच ध्यानात घ्या. फार्मसी कौन्सिलच्या २०२२ च्या विनियमांनुसार ती पदविकेनंतर, नोंदणीपूर्वी द्यायची. पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये एनबीईएमएसने (वैद्यकीय परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने) घेतली. बहुपर्यायी तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के, आणि तिन्ही एकाच प्रयत्नात. प्रयत्नांना मर्यादा नाही. तिथे छायाप्रत किंवा पुनर्मूल्यांकनावर भिस्त ठेवू नका. फार्मास्युटिक्स पहिल्या पेपरात आहे, त्यामुळे आज पक्कं केलेलं ४:२:१ तिथेही कामाला येईल.

सगळ्यात निकडीचं काम राहिलं ते असं: पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला असला तरी पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरून टाका. पुनर्मूल्यांकनाच्या निकालासाठी फॉर्मची तारीख थांबत नाही, आणि त्याची वाट बघण्यात एक सत्र हातचं जातं. फॉर्ममध्ये फार्मास्युटिक्सची लेखी आणि प्रात्यक्षिक अशी दोन्ही शीर्षं नोंदली आहेत का, ते कार्यालयातून छापील प्रत घेऊन तपासा.